मी रायफल परत केली तो रविवार

त्या सकाळी मी पलंगाच्या कडेला बसलो होतो. अंगात इस्त्री केलेली हिरवी वर्दी, डाव्या पायात बूट, आणि नाडीची दोन्ही टोकं हातात. पुढे काय करायचं ते मला माहीत होतं, पण हात पुढे जात नव्हते. बायको स्वयंपाकघरातून दोनदा डोकावून गेली. पहिल्यांदा म्हणाली, "अहो, सात वाजून गेले." दुसऱ्यांदा आत आली. खाली बसली, माझ्या हातातून नाडी घेतली आणि आमच्या पाच वर्षांच्या मुलीची बांधते तशी बांधून दिली. मग दुसरा बूट पायात चढवून त्याचीही.

"आज जाऊ नका," ती म्हणाली.

"परेड आहे," मी म्हणालो, आणि गेलो.

ऐंशीचं दशक जेमतेम अर्धं सरलं होतं. आम्ही घाटकोपरला डोंगराच्या बाजूला राहायचो. मी पवईच्या अलीकडे एका इंजिनिअरिंग कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. सोमवार ते शनिवार ड्रॉइंग बोर्डावर वाकून यंत्रांचे नकाशे काढायचे आणि रविवारी फौजेत जायचं. मी राखीव फौजेत होतो. आमच्यासारखे नोकरदार आपापली कामं सांभाळून सुट्टीच्या दिवशी कवायत करायचे, वर्षातून एकदा दोन आठवड्यांच्या कॅम्पला जायचे, आणि गरज पडली तर सरकार आम्हाला बोलावून घेणार, असा तो करार. आमच्यात बँकेतले कारकून होते, बसचे कंडक्टर होते, एक शिंपी होता. वडील गिरणीत होते. मी वर्दी घातलेली त्यांनी पाहिली आणि पुढच्याच वर्षी ते गेले. चाळीतून मी रविवारी खाली उतरायचो तेव्हा लोक बाजूला सरून वाट द्यायचे. ते मला फार आवडायचं, हे कबूल करतो.

सात वर्षांत माझी एक परेड चुकली नव्हती. पण त्या पावसाळ्यानंतर काहीतरी बिघडलं. काय, ते सांगता येत नव्हतं. घरात कोणी आजारी नव्हतं, नोकरी ठीक होती, बायकोशी भांडण नव्हतं. तरी सकाळी डोळे उघडले की छातीवर कोणी ओली गोणी ठेवल्यासारखं वाटायचं. जेवण तोंडात मातीसारखं लागायचं. कारखान्यात एकदा मी एका गिअरचं ड्रॉइंग काढायला घेतलं आणि दुपारी साहेबांनी येऊन पाहिलं तर कागदावर फक्त मधली रेघ होती. तीच रेघ मी इतक्यांदा गिरवली होती की ट्रेसिंग पेपर फाटायला आला होता.

"बरं नाही का रे?" साहेबांनी विचारलं.

"झोप झाली नाही," मी म्हणालो. तेही खरंच होतं.

नाडीच्या प्रसंगानंतर बायकोने माझं ऐकणं बंद केलं. ती पालिकेच्या शाळेत शिकवायची. तिच्या शाळेतल्या मोठ्या बाईंच्या भावाला असंच झालं होतं, आणि त्यांनी तिला पालिकेच्या इस्पितळातल्या एका डॉक्टरबाईंचं नाव सांगितलं होतं. मंगळवारी तिने अर्धी रजा टाकली आणि मला घेऊन गेली. मनोविकार विभागाच्या दारावरची पाटी वाचून मी मागे फिरलो. तिने माझं मनगट धरलं. "तुम्ही सीमेवर जायला तयार असता ना," ती म्हणाली, "मग या दारातून आत जायला काय झालं?"

डॉक्टरबाई जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, सुती साडीतल्या, पन्नाशीच्या होत्या. त्यांनी बरंच विचारलं. झोप, भूक, काम, रडू येतं का, लोकांना भेटावंसं वाटतं का. मग अगदी त्याच आवाजात विचारलं, "जगू नये असं मनात येतं?"

बायको शेजारीच बसली होती. मी खाली बघत म्हणालो, "येतं कधीकधी."

 बायकोने मांडीवरच्या पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला.

"याला डिप्रेशन म्हणतात," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आजार आहे. मलेरिया होतो तसा हा होतो. औषध आहे त्याला. पण लगेच नाही लागू पडत, तीन-चार आठवडे लागतील. आधी तोंड कोरडं पडेल, हात थरथरतील, पेंग येईल. तेव्हा गोळ्या सोडायच्या नाहीत."

मला त्या क्षणी एकच गोष्ट विचारायची होती. "मी राखीव फौजेत आहे. हे तिथे कळेल का?"

"मी कळवणार नाही. कळलं तर काय होईल?"

"काढून टाकतील."

"आणि नाही कळलं तर काय होईल?"

 त्यांनी पुढे विचारलं, "तिथे हातात बंदूक असते का?"

"नाही," मी म्हणालो. "रविवारी नुसती कवायत असते."

मी इतकं सरळ खोटं फार कमी वेळा बोललो आहे. बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. पण परक्या माणसासमोर नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, ही सवय त्या पिढीत पक्की होती. बाहेर आल्यावर ती माझ्यापुढे जिना उतरली. मग म्हणाली, "तुम्ही आत खोटं बोललात."

"सांगितलं असतं तर त्यांनी जाऊ दिलं नसतं."

"म्हणजे तुम्हालाच कळतंय," ती म्हणाली, आणि बस स्टॉपकडे चालू लागली.

गोळ्या सुरू झाल्या. मी त्या दंतमंजनाच्या रिकाम्या डब्यात ठेवायचो, आईला दिसू नयेत म्हणून. आईला आम्ही पित्ताचं सांगितलं होतं. तिला ते पटलं नसावं, कारण तिने गुपचूप गावाला पत्र पाठवून देवाला गाऱ्हाणं घालायला सांगितलं. डॉक्टरबाई म्हणाल्या तसंच झालं. जीभ टाळूला चिकटायची, आणि ड्रॉइंगवर अक्षरं काढताना हात हलायचा.

तिसऱ्या रविवारी फायरिंग होती.

मुलुंडच्या पलीकडे डोंगराला टेकून एक रेंज होती, तिथे आमची तुकडी ट्रकने गेली. माझ्या शेजारी नेहमीप्रमाणे माझा जोडीदार बसला होता, बोरिवलीचा एक बस कंडक्टर. आम्ही एकाच दिवशी भरती झालो होतो. तो सबंध वाटेत गप्पा मारत होता आणि मी मान हलवत होतो. रेंजवर पाच-पाच जणांची रांग आडवी पडायची, समोर मातीच्या बंधाऱ्यापुढे टार्गेटं. माझा नंबर आला. मी पालथा पडलो, रायफल खांद्याला लावली. जमीन गार होती. हात थरथरत होता, पण मी घाबरलो तो त्यामुळे नाही.

हातात ते हत्यार असताना माझ्या मनात एक विचार आला. अगदी शांतपणे आला. डॉक्टरबाईंनी जे विचारलं होतं तेच, फक्त आता तो नुसता विचार राहिला नव्हता, हाताच्या अंतरावर आला होता. मला मुलीचा चेहरा आठवायला हवा होता, पण आठवला नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

फायरचा हुकूम यायचा होता. मी सुरक्षेचा खटका लावला, रायफल जमिनीवर ठेवली आणि हात वर केला.

मागे सुभेदारसाहेब उभे होते. ते नेहमीच्या फौजेतले होते, आम्हाला शिकवायला नेमलेले. कणकवलीकडचे, काळेसावळे, ठेंगणे, आणि रागावले की मालवणीत बोलणारे. ते धावत आले. "काय झाला? अडकली?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "मला आज रायफल नको."

रांगेतले बाकीचे चौघे वळून बघत होते. सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी स्वतः रायफल उचलली, रिकामी केली, दुसऱ्या जवानाच्या हातात दिली आणि मला म्हणाले, "चल."

ट्रकच्या मागे सावली होती. तिथे त्यांनी मला खाली बसवलं आणि चहाचा मग माझ्या हातात दिला. आवाज आता वेगळा होता. "खरा सांग हां. काय झाला तुका?"

मी सांगितलं. इस्पितळ, गोळ्या, डॉक्टरबाईंना बोललेलं खोटं, आणि आत्ता पडल्या पडल्या मनात आलेलं, सगळं. सांगताना मला रडू आलं. वर्दीत रडलो याची लाज वाटली, म्हणून आणखी रडू आलं.  मी थांबल्यावर त्यांनी विचारलं, "झोप येता?"

"नाही येत."

"पोरगी कितक्या वर्साची?"

"पाच."

त्यांनी टोपी काढली, पुन्हा घातली. "हे बघ. आता माका गप ऱ्हवाक येवचा नाय. साहेबांका सांगूचा लागतला."

"मला काढतील, साहेब. चाळीत काय सांगू?"

"काय करतले ता माका ठाऊक नाय," ते म्हणाले. "पण तू आपणहून हत्यार दिलंस. ह्या मी पयला सांगतलंय. भिया नको."

परतीच्या ट्रकमध्ये त्यांनी मला पुढे, आपल्या शेजारी बसवलं. घाटकोपरला ते माझ्याबरोबर उतरले, दोन जिने चढून वर आले आणि बायकोला युनिटचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी दिली. आईच्या हातचं पाणी प्यायले, आईशी गावाकडच्या गोष्टी केल्या, आणि जाताना बायकोला बाजूला घेऊन म्हणाले की उद्या याला एकट्याला सोडू नका. ती म्हणाली, "तीन आठवडे मी सोडलेलंच नाही."

त्यानंतर मला शहराच्या दक्षिण टोकाला असलेल्या लष्करी रुग्णालयात भरती केलं. तीन आठवडे. ढगळ कपडे, ठरावीक वेळी जेवण, संध्याकाळी व्हॉलीबॉल. वॉर्डात नेहमीच्या फौजेतले जवान होते. एक जण बर्फातल्या चौकीवरून आला होता, एक जण काहीच सांगत नव्हता. मला वाटलं होतं की हे सगळे मला विचारतील, तू तर रविवारचा सैनिक, तुला काय झालं? कोणीच विचारलं नाही. बर्फातून आलेला माझ्यासाठी रोज कॅरम मांडून ठेवायचा.

तिथले मनोविकारतज्ज्ञ कर्नल होते. गोळ्यांचं नाव वाचून म्हणाले, तुमच्या डॉक्टरबाईंनी चोख औषध दिलंय, मी नुसतं थोडं वाढवतो. मी त्यांना एकदा विचारलं, "साहेब, सात वर्षांत एक परेड चुकवली नाही. मग हे का झालं?" ते म्हणाले, "ताप आला असता तर असं विचारलं असतं का?" मला ते उत्तर पुरेसं वाटलं नाही तेव्हा. आताही पूर्ण पुरेसं वाटत नाही, पण त्याहून चांगलं मला कोणी दिलेलं नाही.

शेवटी मेडिकल बोर्ड बसलं. फौजेत तब्येत पाच इंग्रजी अक्षरांत मोजतात. पहिलं अक्षर मनाचं, मग कान, हातपाय, बाकीचं शरीर, डोळे. प्रत्येक अक्षरापुढे आकडा, आणि एक म्हणजे उत्तम. माझ्या पहिल्या अक्षरापुढे तीन पडला, सहा महिन्यांसाठी. अर्थ असा, की हत्यार हाताळायचं नाही, रात्रीचा पहारा नाही, युनिटला बोलावणं आलं तर सोबत जायचं नाही, आणि सहा महिन्यांनी पुन्हा तपासणी. युनिटमध्ये ठेवायचं की नाही, ते आमच्या कमांडिंग ऑफिसरने ठरवायचं होतं. या माणसाला देण्यासारखं काम आहे का, इतकाच प्रश्न.

मला ऑफिसात उभं केलं. कमांडिंग ऑफिसर कागद वाचत होते. ते सुभेदारसाहेबांना म्हणाले, "हत्याराशिवाय जवान. काय काम देणार याला?"

सुभेदारसाहेब ताठ उभे राहून म्हणाले, "नकाशा, साब. दिवसभर तेच करतो. आपल्या नव्या पोरांना नकाशा वाचता येत नाही."

ऑफिसरांनी माझ्याकडे बघितलं. "शिकवता येतं?"

"प्रयत्न करतो, सर."

"प्रयत्न नको. शिकव," ते म्हणाले आणि सही केली.

घरी आल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला. "म्हणजे आता वर्दी घालायची की नाही?" तिला चाळीची काळजी होती. आता तिला सगळं माहीत झालं होतं, पण ती त्या आजाराचं नाव घ्यायची नाही, "ते" म्हणायची.  बायको वर्दीवर इस्त्री फिरवत होती. ती मान वर न करता म्हणाली, "वर्दी कोणी मागितलेली नाही. त्यांनी बंदूक मागितली."

पहिला रविवार वाईट गेला. हत्यारं ठेवायच्या खोलीपुढे सगळे रांग लावून उभे, आणि मी बाजूला, काखेत गुंडाळलेले नकाशे. माझ्या जोडीदाराने सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आपले मास्तर आले रे! स्क्रू टाईट झाला का?" लोक हसले. मी पण हसल्यासारखं केलं आणि घरी येऊन बायकोला सांगितलं की पुढच्या रविवारी जाणार नाही. ती म्हणाली, "नका जाऊ. पण मग आणखी कोणाकोणासाठी काय काय सोडायचं, त्याची आधी यादी करून ठेवा." मी गेलो.

नकाशाचा वर्ग एका पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा. समोर पंधरा-वीस नवे जवान. उंची दाखवणाऱ्या त्या तपकिरी रेघा कोणाला कळायच्या नाहीत. रेघा जवळजवळ म्हणजे चढ उभा, लांब लांब म्हणजे सोपा, हे मी दोन रविवार सांगितलं आणि दोन्ही रविवार ते माझ्याकडे गायीसारखे बघत राहिले. तिसऱ्या रविवारी मी घरून मोठा बटाटा नेला, मधोमध उभा कापला, अर्धा भाग पालथा ठेवला आणि त्याच्या आडव्या चकत्या केल्या. एकेक चकती कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली. कागदावर रेघांमध्ये रेघा उमटल्या. "हा तुमचा डोंगर," मी म्हणालो. मागच्या बाकावरचा एक जण, अंधेरीच्या मच्छीमार वस्तीतला, मोठ्याने म्हणाला, "आयला, एवढंच होय!" सगळे हसले. मीही हसलो, आणि ते हसू खरं होतं, हे दोन-तीन मिनिटांनी माझ्या लक्षात आलं.

हिवाळ्यात कॅम्प लागला. मला घेऊन जायला ऑफिसरांनी परवानगी दिली. डॉक्टरबाईंनीही दिली, या वेळी सगळं खरं ऐकून. तिथे माझ्यावर एक मोठं काम पडलं. शेवटच्या तीन दिवसांच्या सरावासाठी त्या सगळ्या प्रदेशाचा वाळूचा नमुना करायचा होता. जमिनीवर वीस फूट लांब, पंधरा फूट रुंद, त्यात टेकड्या, नाला, वाटा, दोन वाड्या. त्यावर काठी ठेवून अधिकारी योजना समजावणार होते.

चार दिवस मी गुडघ्यांवर होतो. वाळू भिजवून टेकड्या उठवल्या. लाकडाचा भुसा हिरवा रंगवून झाडी केली. वाटांसाठी लाल भुकटी हवी होती. विटा कुटायला सुभेदारसाहेबांनी एक माणूस पाठवला. तो माझा जोडीदार निघाला. आम्ही रेंजवरच्या त्या दिवसानंतर नीट बोललो नव्हतो. तो बसला आणि विटा कुटू लागला. तासभर नुसता ठकठक आवाज. मग म्हणाला, "साला, त्या दिवशी तू रायफल खाली ठेवलीस ना, मी तुझ्या बाजूलाच होतो."

"माहीत आहे."

"माझी फाटली होती यार. मला वाटलं तू काहीतरी करणार." त्याने हात थांबवले. "ते स्क्रूबिक्रू... काय बोलायचं सुचलं नाही रे मला. मी काहीतरी बोलून गेलो."

"विटा बारीक कूट," मी म्हणालो. "खडे राहतायत."

तो हसला. संध्याकाळी आम्ही दोघं ताटं घेऊन लंगरसमोर, म्हणजे फौजेच्या स्वयंपाकघरासमोर, उभे राहिलो. डाळ, भात, कांदा. मी जेवलो, उठलो, आणि पुन्हा रांगेत जाऊन उभा राहिलो. आचाऱ्याने भात वाढला तेव्हा मला जाणवलं की मला भूक लागली आहे. चार-पाच महिन्यांनी पहिल्यांदा. डाळीला चव होती, मीठ किंचित जास्तच होतं. मी ते पोस्टकार्डावर बायकोला लिहून कळवलं, बाकी काही लिहिलं नाही. तिने ते कार्ड अजून ठेवलंय.

इथून पुढे सगळं सुरळीत झालं असं सांगायला आवडलं असतं. सहा महिन्यांनंतरच्या बोर्डाने मला आणखी सहा महिने त्याच तिनावर ठेवलं. मला वाटत होतं मी बरा झालो, कर्नलसाहेबांना वाटत होतं थांबावं. त्या दिवशी मी घरी येऊन वर्दीची पिशवी कोपऱ्यात भिरकावली. मुलीने ती उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाली, "बाबा, आई ओरडेल." त्याच वर्षी आमच्या नायक हुद्द्यावरून हवालदार होण्याच्या कोर्ससाठी नावं गेली, त्यात माझं नाव नव्हतं. माझ्या जोडीदाराचं होतं. तो हवालदार झाला. मी शेवटपर्यंत झालो नाही. याचं मला वाईट वाटलं, आणि इथे ते लपवत नाही.

वर्ष झाल्यावर आकडा तिनाचा दोन झाला. हत्यार हाताळायला परवानगी, पण युनिट दूर कुठे सीमेकडे गेलं तर मी मागे, मुंबईतच थांबायचं. पुढच्या रविवारी मी रांगेत उभा राहिलो. मला वाटलं होतं की त्या क्षणी काहीतरी मोठं वाटेल. सुभेदारसाहेबांनी वहीत माझी सही घेतली, रायफल माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "नळी घाण आसा. साफ कर." मी साफ केली. त्या दिवशी दहापैकी सहा गोळ्या लागल्या, म्हणजे आधीपेक्षा वाईटच. पण पडल्या पडल्या मनात आलं ते एवढंच, की कोपराखाली खडा टोचतोय.

दोन वर्षांनी तो आजार पुन्हा आला, थोडा सौम्य. या वेळी मी नाडीची वाट बघत बसलो नाही. ड्रॉइंगवर एकच रेघ दुसऱ्यांदा गिरवली आणि त्याच संध्याकाळी बायकोला सांगितलं. सोमवारी डॉक्टरबाईंकडे, रविवारी युनिटमध्ये. सुभेदारसाहेब तोवर निवृत्त होऊन गावी गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या साहेबांना मी म्हणालो, "काही महिने मला रायफल नको." त्यांनी नोंद केली, वर बघून म्हणाले, "मग नकाशाचा वर्ग दोनदा घे." इतकंच. मी पाच महिन्यांत पुन्हा रांगेत होतो.

मुदत संपेपर्यंत मी त्या फौजेत राहिलो. माझ्या हाताखाली नकाशा शिकलेली पोरं नंतर युनिटसोबत बाहेर गेली आणि परत आली. मी त्यांना निरोप द्यायला आणि आणायला, दोन्ही वेळा मैदानावर होतो.

एका शनिवारी मी गोळ्यांसाठी इस्पितळात गेलो असताना डॉक्टरबाईंनी मला आत बोलावलं. म्हणाल्या, "बाहेर बाकावर निळ्या शर्टातला माणूस बसलाय. बँकेत बंदूकधारी पहारेकरी आहे. तो गोळ्या घ्यायला तयार नाही. तुम्ही मला कसं खोटं सांगितलं होतं ते त्याला सांगायला माझी परवानगी आहे."

मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो. चाळिशीचा माणूस, दाढी वाढलेली, हात मांड्यांखाली दाबून धरलेले. मी विचारलं, "ड्युटीवरून आलात?"

"रजा टाकलीय," तो म्हणाला. "साहेबांना सांगितलंय दाढ दुखते."

"मी पित्त सांगितलं होतं घरी."

त्याने पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मी त्याला मुलुंडच्या पलीकडची रेंज सांगितली, ट्रकची सावली सांगितली, बोर्ड, तिनाचा आकडा, बटाटा, सगळं. हवालदार झालो नाही तेही सांगितलं. तो ऐकत होता. मध्ये एकदा म्हणाला, "पण बंदूक परत दिली तुम्हाला?"

"दिली. एक वर्ष लागलं."

"आणि तोवर?"

"तोवर दुसरं काम केलं. शिकवलं."

त्याने मांड्यांखालचे हात बाहेर काढले. मग विचारलं, "गोळ्यांनी हात फार थरथरतात का हो?"

"सुरुवातीला. कपात चहा अर्धाच घ्यायचा."

शिपायाने त्याचा नंबर पुकारला. तो उठला, शर्ट नीट केला, दाराशी जाऊन थांबला. मला वाटलं आता मागे फिरेल. त्याने वळून विचारलं, "तुम्ही आहात ना अजून थोडा वेळ?"

"आहे," मी म्हणालो. "जा तुम्ही आत."